मुकादमांचा वलावा

आयुष्यात कधी विडीला हात न लावलेल्या माणसावर म्हातारपणी हुक्का ओढायची पाळी आली, असं बळीराम मुकादम स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सांगताना हसत, हसता हसता खोकत, आणि खोकला आवरला की डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. अर्धवट राहिलेली गोष्ट त्यांना खपत नसे. हुक्का म्हणजे त्यांचं श्वासाचं मशीन. ते रात्रभर त्यांच्या उशाशी घरघरत असे. त्याला पुढून एक प्लास्टिकची बाटली लावलेली होती, बाटलीत पाणी, आणि मशीनमधून निघालेला ऑक्सिजन त्या पाण्यातून बुडबुडत वर येऊन लांब नळीतून त्यांच्या नाकात जायचा. आमच्या सेलूत असली वस्तू तोवर कुणी पाहिली नव्हती. गल्लीतल्या पोरांनी खिडकीला नाकं लावून तो आवाज ऐकला, आणि मुकादमांनी ठेवलेलं हुक्का हे नाव गावभर झालं.

मी त्यांची भाडेकरू. शाळेत मास्तरीण, नवरा परभणीला नोकरीला, शनिवारच्या गाडीने यायचा. मुकादमांच्या खोलीत आणि माझ्या खोलीत एक भिंत होती, पण ती नावालाच. मी कूस बदलली तरी पलीकडून गोदाकाकू, म्हणजे मुकादमांची बायको, विचारत, "बाई, झोप न्हाई का लागायली?" त्यामुळे मुकादमांच्या श्वासाशी माझी जी ओळख झाली ती डॉक्टरांचीही नसेल. बुडबुड एकसारखी चालली असेल तर सगळं ठीक. मध्येच खळखळ ऐकू आली तर नळीत पाणी साचलं. खळखळ थांबून शिव्या ऐकू आल्या तर ते पाणी नाकात गेलं. मी तिरसट बाई आहे, झोपमोड झाली की मला जग नकोसं होतं; पण त्या आवाजावर चिडायची सोय नव्हती, कारण तो थांबला तर काय, हा विचार लगेच मनात यायचा.

मुकादम अंगाने सडपातळ, उंच, आणि कायम पांढऱ्या सदऱ्यात. एका जिनिंगमध्ये त्यांनी आयुष्य काढलं. कापसातून सरकी वेगळी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या, गाठी मालगाडीत चढवायच्या; त्या सगळ्या कामावरच्या बायामाणसांचे ते मुकादम. निजामाच्या वेळी पोरसवदा असताना लागले आणि सुटले तेव्हा केस पिकले होते. भाषेत त्या काळाचा ठसा राहिला होता. पटलं की "बराबर" म्हणत, नाही पटलं तरी "खैर" म्हणत, आणि काकूंच्या स्वयंपाकाबद्दल काहीच म्हणत नसत, कारण जेवताना खामोश राहायचं हा त्यांचा हुकूम त्यांनी स्वतःवरही चालवला होता.

त्यांच्या तीन खोडी गल्लीला पाठ होत्या. एक, कुणाच्याही खांद्यावरची रुई झटकायची. खांद्यावर रुई नसली तरी. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात त्यांनी बोहल्यावर चढून नवरदेवाचा कोट झटकला होता. दुसरी, माणसं उभी दिसली की हाकायची. दोन-तीन जण कोपऱ्यावर बोलताना दिसले की ओट्यावरून आवाज यायचाच, "काय बगायलेत? चला, चला, हात चालवा!" आणि तिसरी खोड ओठाची. कापसात ओल किती आहे हे पाहायला ते चिमूटभर रुई वरच्या ओठाला लावत. "बोटाला कळत न्हाई, ओठाला कळतं," म्हणत. जिनिंग सुटल्यावर कापूस राहिला नाही, मग पापड, काडेपेटी, मीठ, माझ्या वर्गाच्या वह्या, जे हाती येईल ते ओठाला लावून निकाल द्यायचे. निम्म्या वेळा निकाल चुकायचा. चुकला की दोष पापडाचा.

माणसांची नावं मात्र त्यांना येत नसत. हे मला फार दिवसांनी लक्षात आलं. जिनिंगच्या गोष्टी सांगताना ते म्हणत, "ती खिडकीवाली", "ती सरकीवाली", "ती पोखर्णीकडची". एवढी वर्षं ज्या बाया त्यांच्या हाताखाली राबल्या त्यांच्यातलं एकच नाव त्यांच्या तोंडी होतं, शेवंता. आणि तेही ती भांडायची म्हणून.

छातीचं दुखणं जुनं होतं. सगळे दमा म्हणायचे, तेही दमाच म्हणायचे. शेवटी परभणीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडासमोर धरला आणि विचारलं, काम काय करत होतात? जिनिंग म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, मग हा दमा नाही, ही कापसाची धूळ आहे, बसली आहे आत. त्यावर मुकादम डॉक्टरांशी भांडले. म्हणे, "धूळ कशी बसंल? आमी गूळ खायचो की!" आमच्याकडे ही समजूत सगळ्यांची. धुळीच्या कामाहून सुटलं की गुळाचा खडा तोंडात धरायचा, म्हणजे धूळ गुळाला चिकटून पोटात उतरते. जिनिंगमध्ये रोज संध्याकाळी मुकादम स्वतःच्या हाताने एकेकीच्या तळहातावर खडा ठेवत. डॉक्टर हसून म्हणाले, "काका, गूळ पोटात गेला आणि धूळ छातीत गेली. दोघांचे रस्ते वेगळे आहेत." काकू सांगत होत्या, परत येताना गाडीत ते मानवत रोड येईपर्यंत बोलले नाहीत, आणि मग एवढंच म्हणाले, "मी समद्यांला गूळ देयचो गं."

तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला स्वतःची काळजी लागली. ते चुकीचं होतं.

मशीन जावयाने पाठवलं. जावई आखातात होता, त्याने मुंबईच्या कुणाकरवी धाडलं, आणि ते स्टेशनवरून हातगाड्यावर आलं. सोबत आलेल्या माणसाने बाटलीवरच्या दोन रेघा दाखवल्या: पाणी उकळून गार केलेलं घाला, खालच्या रेघेच्या वर आणि वरच्या रेघेच्या खाली, रोज बदला, एवढं सांगून तो संध्याकाळच्या गाडीने पसार झाला. रेघांचं काकूंना पटलं नाही. नवऱ्याच्या पानात कधी अर्धी वाटी वाढली नव्हती, तर बाटली अर्धी कशी ठेवायची? त्यांनी मायेने ती गळ्यापर्यंत भरली. त्या रात्री पाणी हवेबरोबर नळीत चढलं आणि मुकादम पोहायला न येणाऱ्या माणसासारखे हातपाय झाडत उठले. दुसऱ्या रात्री काकूंनी धसका घेऊन बाटली कोरडीच लावली. सकाळी मुकादमांच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचे डाग. कोरड्या हवेने नाक आतून सोललं होतं.

"आता तू हात लावायचा न्हाई," मुकादम म्हणाले, आणि बाटलीचा कारभार स्वतःकडे घेतला.

पण खरी लढाई थंडीत सुरू झाली. मशीन कोपऱ्यात, खाट भिंतीला, मधली नळी शहाबादी फरशीवरून गेलेली. मशीनपाशी हवा उबदार, फरशी गारठलेली; त्या नळीला आतून घाम यायचा. थेंबाला थेंब मिळून खाली पाणी साचायचं, खळखळ सुरू व्हायची आणि पहाटे केव्हातरी थंड पाण्याची पिचकारी नाकात. मुकादमांनी यावर पहिला उपाय केला तो असा, की नळी आढ्याच्या खिळ्याला टांगली. त्यामुळे निम्मं पाणी उताराने बाटलीकडे गेलं आणि निम्मं सरळ त्यांच्या नाकाकडे. दुसरे दिवशी सकाळी शिंका देत ते मला म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. पानी वर न्हाई का थांबत?" मी म्हटलं, कुठंच थांबत नाही. "खैर," म्हणाले.

हळूहळू त्यांना गवसलं. नळी फरशीवरून उचलून खाटेच्या उंचीने नेली. तिला जुन्या धोतराच्या पट्टीत रुई भरून गुंडाळलं, लेकराचं कुंचडं शिवावं तशी टाके घालून. मध्ये एका जागी मुद्दाम खाली झोका ठेवला, म्हणजे जे पाणी साचेल ते तिथं साचावं, आणि झोपताना डोकं बाटलीपेक्षा उंच. संध्याकाळ झाली की हे सगळं पूजेसारखं चाले: शिळं पाणी टाकायचं, बाटली घासायची, उकळून गार केलेलं पाणी दोन रेघांच्या मध्ये भरायचं, आणि नळी सोडवून अंगणात गोफणीसारखी गरागरा फिरवायची. तिच्यातले थेंब माझ्या वाळत घातलेल्या पातळांवर उडायचे. मी एकदा बोलले तर पातळाचा काठ ओठाला लावून म्हणाले, "हे माझं पानी न्हाई. हे आदीचंच वलं हाय."

अशाच एका संध्याकाळी त्यांनी नळी फिरवायची थांबवली आणि विचारलं, "बाई, डॉक्टर म्हनतात हवेत वलावा नसला तर छाती सोलती. म्हंजे धूळ नसली तरी सोलती. खरं हाय का?"

मी म्हटलं, खरं असणार, तुमचं नाक पाहिलं की आपण.

"आन् धूळ असली आन् वलावा बी नसला तर?"

ते ओट्यावर बसले. नळी मांडीवर घेतली आणि सांगायला लागले. त्या दिवशी त्यांनी खोकल्यानंतर गोष्ट पहिल्यापासून सुरू केली नाही.

जिनिंगच्या बायांनी एकदा पाणी मागितलं होतं. प्यायला नव्हे, शिंपडायला. सकाळी एक बादली आणि दुपारी एक बादली फरशीवर शिंपडू द्या, म्हणजे धूळ खाली बसेल, एवढंच मागणं. बायांच्या वतीने बोलायला शेवंता पुढे आली. मुकादमांनी नाही म्हटलं. रुईला ओल लागली की ती पिवळी पडते, गाठीचा दर्जा उतरतो, शेट बोलतो. आणि रुईत ओल शिरू न देणं हीच तर मुकादमाची शान. ते म्हणाले, "गूळ खा." दुसऱ्या दिवशी शेवंताने घरून कळशी आणली आणि शिंपडलं. मुकादमांनी तिला कामावरून काढलं नाही. त्यांनी तिला सरकीच्या ढिगाकडे टाकलं, जिथं धूळ सगळ्यांत जास्त. आणि मग ती तिथंच राहिली, एका हंगामापुरती नव्हे.

"इसरून गेलो मी," मुकादम म्हणाले. "राग दोन दिवसात गेला, पन तिला तितून काढायचं इसरलो. ती बी मागायला आली न्हाई."

त्या रात्री भिंतीपलीकडे बुडबुड एकसारखी चालू होती, पण ते झोपले नव्हते. झोपलेल्या माणसाचा श्वास मला ओळखू यायचा.

आठवडाभराने त्यांनी मला गाठलं. शेवंताचं घर माझ्या शाळेच्या वाटेवर, रेल्वेगेटाच्या पलीकडे, बौद्धांच्या वस्तीत. "तिला म्हनावं, मुकादमानं बोलिवलंय." मी विचारलं, बोलावलंय म्हटल्यावर ती येईल असं वाटतं का तुम्हाला? ते आत गेले. मग सदरा बदलून आले आणि म्हणाले, "रिक्षा बगा."

गेटाच्या अलीकडची माणसं पलीकडे कामाशिवाय जात नसत. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत आसपासच्या गावांत जे झालं त्यानंतर तर नमस्कारही मोजूनमापून व्हायचे. सायकलरिक्षात मुकादम ताठ बसले होते, आणि ओळखीचं कुणी दिसलं की स्वतःहून सांगत होते, "शेवंताकडं चाललो." जणू कुणी विचारायच्या आत कबूल करून टाकायचं होतं.

शेवंताबाई दारात डाळ निवडत बसली होती. काळीसावळी, लहानखुरी, आवाज मात्र भरदार. मागे भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. मला म्हणाली, "जयभीम, बाई," आणि मुकादमांकडे बघून, "गेटाच्या ह्या अंगाला कसं काय येनं केलं?"

मुकादमांना बोलता येईना. रिक्षातून उतरून चार पावलं टाकली होती, त्यानेच धाप लागली होती. ते उंबऱ्याला हात टेकून उभे राहिले. आमच्याकडे दारात पाहुणा आला की पाणी विचारतात, वैरी आला तरी विचारतात. तिने विचारलं नाही. डाळ निवडत राहिली. मला कळलं की ती वाट बघते आहे, तो मागतो का याची.

"पानी मिळंल का?" मुकादम म्हणाले.

"पानी?" तिने मान वर केली. "तुमाला? आमी मागितलं तवा तर लय महाग झालतं की वो."

पण उठली, आणि तांब्या भरून आणला. मुकादमांनी तो ओंजळीत नाही, हातात घेतला आणि तोंड लावून संपवला. रिक्षावाला बघत होता. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "शेवंताबाई, माझं चुकलं. माफी मागायला आलो."

ती खोकली. कोरडा, लांबलचक खोकला, मला पाठ असलेला. मी भिंतीपलीकडून रोज ऐकायचे तसाच. तो थांबल्यावर ती म्हणाली, "मी एकली देनार कशी माफी? मी काय एकली होते का तिथं? त्यातल्या चौघी गेल्या खोकून खोकून. त्यांला इचारा."

मुकादमांनी त्या चौघींची नावं विचारली. तिने सांगितली नाहीत. म्हणाली, "आता इचारायलेत व्हय."

मशीनचं त्यांनी निघता निघता काढलं. मला रात्री लागतं, दिवसा ते रिकामंच असतं, दुपारी येत जा. शेवंताबाई हसली, पण आतून तिची सून बाहेर आली. सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं, आत्याला एक भाकरी सलग खाता येत नाही, दोन घास खाल्ले की थांबून दम घ्यावा लागतो. डॉक्टरांना विचारते, मी म्हटलं. गावातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, दुपारचे दोन-तीन तास लावायला हरकत नाही म्हणाले. तरी ती चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली आणि दारातूनच म्हणाली, "मुकादम, हे माझ्या हक्काचं हाय म्हनून घेयला आले. तुमी मेहरबानी करायलेत म्हनून न्हाई."

"बराबर," मुकादम म्हणाले.

काकूंची पंचाईत झाली. शेवंताबाई आपल्या खाटेवर पडणार, आपल्या घरात, आणि गल्ली बघणार. डॉक्टरांनी नाकातली नळी प्रत्येकाची वेगळी हवी असं सांगितलं तेव्हा काकूंचा चेहरा असा खुलला की मला हसू आवरेना. जे त्यांना बोलायचं होतं ते डॉक्टरांनीच बोलून टाकलं होतं. शेवंताबाईलाही ते कळलं असणार. ती स्वतःच्या प्यायच्या पाण्याचा तांब्या घरून आणायची. एकदा बाटलीतलं पाणी खालच्या रेघेच्या खाली गेलं, मुकादम परसात होते, तेव्हा तिने आपल्या तांब्यातलं ओतून बाटली भरली. घरून उकळूनच आणलेलं होतं. संध्याकाळी काकू ती ओतून द्यायला निघाल्या. मुकादम म्हणाले, "ऱ्हाऊ दे." काकू म्हणाल्या, अहो, रोज बदलायचं असतं. "सकाळी बदलू," मुकादम म्हणाले, आणि त्या रात्री ते शेवंताबाईच्या पाण्यातून आलेला श्वास घेत झोपले. तेही मी भिंतीतून ऐकलं.

दुपारच्या त्या तासांत मुकादम मुकादम राहिले नाहीत. तिच्यासाठी बाटली ते स्वतः घासायचे, नळी फिरवून झटकायचे, पट्टी नीट बांधायचे आणि खाटेशेजारी जमिनीवर बसायचे. खळखळ सुरू झाली की शेवंताबाई डोळे न उघडता हुकूम सोडायची, "काय बगायलेत? हात चालवा!" आणि मुकादम घाईघाईने नळीला टिचक्या मारून थेंब झोक्यात उतरवायचे. ती हे मुद्दाम करायची. जिनिंगमधला एकेक शब्द तिने जपून ठेवला होता आणि तो व्याजासकट परत करत होती. मला आधी मजा वाटली. मग मुकादमांचा चेहरा बघवेनासा झाला, कारण तो प्रत्येक शब्द त्यांना ओळखू येत होता. मी एकदा म्हटलं, काका, वाईट वाटून घेऊ नका, ती थट्टा करते. ते म्हणाले, "थट्टा करंना का. मी थट्टेत न्हवतो म्हनत."

नामांतर झालं त्या दिवशी ती आली नाही, वस्तीत ढोल वाजत होते. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आली. मुकादमांनी लगेच खाल्ला. काकूंनी आपला फळीवर ठेवला, आणि दिवेलागणीला कुणी बघत नाही असं पाहून खाल्ला. चांगला होता, म्हणाल्या.

या सगळ्यात माफीचा विषय मुकादमांनी पुन्हा काढला नाही, आणि तिनेही नाही. पण दुपार कलली, ती उठून निघाली, की तिला पोचवायला ते दारापर्यंत जात आणि ती काही बोलेल म्हणून थांबत. ती चप्पल घालून "येते" म्हणायची. तेवढंच. मग ते आत येऊन बसत आणि त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, दोघं म्हातारी किती सलोख्याने राहतात. मला माहीत होतं की त्या खोलीत एक माणूस रोज निकालाला बसतो आणि निकाल लागत नाही.

पावसाळ्यात माझी बदली झाली. जिंतूर तालुक्यात, चारठाण्याकडे. निघायच्या दिवशी झड लागली होती. दुपारच्या गाडीला वेळ होता, म्हणून मी निरोप घ्यायला पलीकडे गेले. काकू स्वयंपाकघराच्या दारातच भेटल्या. डोळे सुजलेले. मला वाटलं, माझ्यासाठी. त्यांनी मला आत ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमी तरी सांगा त्यांला. डॉक्टर म्हनले आता दिवसा बी लावा, रात्रीचं पुरंना. महिना व्हायला आला. तिला कळू देयनात. मला देवाची शपथ घातलीय."

मी खोलीत डोकावले. शेवंताबाई खाटेवर, नाकात नळी, डोळे मिटलेले. मुकादम खाली भिंतीला टेकून बसले होते. पावसाने हवा इतकी ओली होती की नळीतून सारखं पाणी वाहत होतं, आणि ते टिचक्या मारत होते, थांबत होते, तोंड उघडून हवा ओढत होते, पुन्हा टिचकी मारत होते. त्यांची नखं निळी पडली होती. मला पाहून त्यांनी हात वर केला, बोलू नका म्हणून. मला त्यांचा राग आला. म्हाताऱ्या माणसाने असा हट्ट करावा, बायकोला शपथ घालावी, आणि मला गाडी गाठायची असताना अशा पेचात टाकावं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेवंताबाई डोळे न उघडताच म्हणाली, "बाई, नका सांगू. मला कळलंय कवाचं."

ती उठून बसली. नळी काढली. मुकादमांचा हात धरून उजेडाकडे फिरवला आणि नखं बघितली. "अशी नखं मी चौघींची बगितली," ती म्हणाली. "मला वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मी तुमच्या तोंडातून ऐकायसाठी पडून ऱ्हायले."

"ऱ्हाऊ द्या," मुकादम म्हणाले. "तुमचा तास हाय."

"असं जीव देऊन फिटत न्हाई, मुकादम," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, काकू धावत आल्या. "लय सोपं करायलेत तुमी! तुमी मेल्यावर मी बोलू कुनाला? हाय का दुसरं कुनी तितलं? चौघी गेल्या, बाकीच्या पांगल्या, शेट गेला, जिन बंद पडलं. मला वळखनारं तुमच्याबिगर ऱ्हायलंय कोन?"

मग काकूंना म्हणाली, "त्यांची नळी आना." काकूंनी आणली. तिने ती जोडली, मुकादमांना दंडाला धरून खाटेवर चढवलं आणि नळी त्यांच्या नाकाला स्वतः लावली. ते नको नको म्हणत होते, पण हातात जोर नव्हता. ती त्यांच्या जागी खाली बसली. तिलाही धाप लागली होती.

मी निघाले. गाडी चुकली असती. अंगणातून वळताना खिडकीतून शेवटचं दिसलं ते असं: मुकादम भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि त्यांची पाठ हलत होती, खोकत होते की रडत होते ते मला कळलं नाही. शेवंताबाईने नळी डाव्या हातात उंच धरली होती, उजव्या हाताने तिला टिचक्या मारत होती, आणि दर थेंबाला काहीतरी बोलत होती. बोलत होती, थांबून दम घेत होती, आणि परत बोलत होती. पावसात मला शब्द ऐकू आले नाहीत; बोल लावत होती की त्या चौघींची नावं सांगत होती, देव जाणे.